फडक्याखालचा कण

कागदोपत्री त्या दोघींना अक्षरं आणि आकडे मिळून झालेली लांबलचक नावं होती, पण ती फक्त साहेबांसमोर घ्यायची. हँगरमध्ये जुन्या हेलिकॉप्टरला सासू म्हणत आणि नव्याला सून.

लांबून बघणाऱ्याला दोघी सारख्याच दिसत. तोच अरुंद सांगाडा, समोरून पाहिला तर एका माणसाच्या खांद्यांएवढा. पुढे खाली नेमबाजाची जागा, तिच्या मागे जरा उंचावर पायलटची. दोन्ही बाजूंना रॉकेटं लटकवायचे आखूड पंख, आणि पाठीवर, पात्यांच्या खाली, दोन इंजिनं खांद्याला खांदा लावून बसलेली. फरक होता तो या इंजिनांत. सासूची इंजिनं दमेकरी. उन्हाळ्यात हवा तापून पातळ झाली की पूर्ण दारूगोळा घेऊन ती जमिनीवरून उठायलाच तयार नसे. निम्मा उतरवून तिची समजूत काढावी लागे. ती तेल गाळायची, थरथरायची, काळा धूर सोडायची आणि दिवसभर कुरकुरायची. सुनेची इंजिनं त्याच जागेत, त्याच बोल्टांवर बसत, पण भर दुपारी सगळं ओझं पाठीवर घेऊन सरळ वर जात. शत्रूला उष्णतेचा माग लागू नये म्हणून त्यांचा धूरसुद्धा लांब नळीत थंड होऊन बाहेर पडे. सून कुरकुरत नसे. काही बिनसलंच तर पायलटच्या डोळ्यांसमोर एक छोटा पिवळा दिवा लावायची.

"सासू दिवसभर बोलते, कुणी ऐकत नाही," जुन्या इंजिनांवर आयुष्य घालवलेला ढोल्या म्हणायचा. "सून एकदाच बोलते आणि सगळं घर उभं राहतं."

यावर सगळे हसत आणि ताईकडे बघत. कारण ताई खरोखरच सून होती, आणि तिचे सासरे याच हँगरमधले एके काळचे नावाजलेले इंजिन फिटर.

ती इथे आली तेव्हा सून नव्हती. तांत्रिक शाळेतून नुकतीच बाहेर पडलेली, वेणी टोपीत कोंबून उभी राहिलेली एक काटकुळी मुलगी होती. तिला कुणाच्या हाताखाली द्यायचं यावरून बराच वेळ एकमेकांकडे बोटं दाखवून झाली, आणि शेवटी सासऱ्यांनी, म्हणजे तेव्हाच्या उस्तादांनी, काही न बोलता तिच्या हातात एक पाना ठेवला. पुढे काही वर्षांनी आपल्या मुलासाठी त्यांनीच तिला विचारलं. "त्यांनी मला आधी पाना दिला, मग मुलगा," असं ती सांगायची, "आणि दोन्ही नीट वापर म्हणाले." नवरा शाळेची बस चालवायचा. त्याला इंजिनात रस नव्हता, ते चालू झालं की पुरे. त्यामुळे घरात इंजिनांवर बोलायचं ते सून आणि सासऱ्यांनी.

सासऱ्यांनी तिला शिकवलेल्या गोष्टींत एक होती चुंबकी प्लगची. इंजिनाच्या तेलाच्या वाटेवर एक बुचाएवढा प्लग असतो, त्याच्या टोकाला चुंबक. आत कुठे धातू झिजत असेल तर त्याचे कण तेलाबरोबर वाहत येतात आणि इथे चिकटतात. सासू सतत झिजत असे, त्यामुळे तिच्या प्लगवर नेहमीच काळी चिकट लव जमलेली. नुसतं बघून काही कळायचं नाही. म्हणून उस्ताद प्लग काढला की लगेच फडक्यात धरायचे आणि फडक्यावरून अंगठा आणि तर्जनी हळू फिरवायचे.

"तेल डोळ्याला फसवतं," ते म्हणायचे. "बोटाला फसवत नाही. मऊ लागलं तर लव आहे, पुसून परत बसव. कणकण लागलं तर मला हाक मार."

तिने इतक्या वेळा ते केलं होतं की आता तिला ते करावं लागत नसे. हातच करायचा. घरी भांडं उचललं तरी तिचा अंगठा कडेवरून फिरून यायचा.

सुनेचं इंजिन आलं तेव्हा सगळ्या जुन्या माणसांना परत शाळेत बसवलं गेलं. तिथे शिकवणाऱ्याने पहिल्याच दिवशी सांगितलं: या इंजिनाला लव येत नाही. प्लगला कण चिकटला की दिवा लागतो, आणि प्लगवर काहीही दिसलं तर ते काहीतरी आहे. आधी बघा, दुसऱ्याला दाखवा, मगच पुसा. ताईने ते लक्षात ठेवलं, परीक्षेत बरोबर लिहिलं आणि वर्गात पहिली आली. ढोल्या काठावर पास झाला आणि महिनाभर तिला "हुशार सून" म्हणून चिडवत राहिला.

सासऱ्यांना मात्र ही नवी इंजिनं पटत नव्हती. त्यांची नजर आता अधू झाली होती. दिवसभर ते हँगरजवळच्या घराच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसत आणि तिथूनच कानांनी हँगर चालवत. फार वर्षांपूर्वी त्यांच्या हातून गेलेली एक सासू परत आली नव्हती. चौकशीत त्यांचा दोष निघाला नाही. पण तेव्हापासून हेलिकॉप्टर सुरू झाल्याचा आवाज आला की ते पुढ्यातलं ताट सरकवत, आणि ते उतरल्याचा आवाज येईपर्यंत घास घेत नसत. सुरुवातीला घरातले समजूत घालायचे. मग आमटी-भाजी परत गरम करायची सवय झाली.

त्या दिवशी सकाळपासून हँगर धुऊन पुसून चकचकीत केला होता. बाहेर मांडव घालून खुर्च्या मांडल्या होत्या, कारण पाहुणे येणार होते. उरलेल्या सगळ्या सासवांना नवी इंजिनं बसवायची होती, आणि ते काम इथल्याच माणसांना द्यायचं की बाहेरच्या कंपनीच्या माणसांना, हे ठरायचं होतं. आज सून त्यांच्यासमोर उडणार होती. तिची दोन्ही इंजिनं इथल्या जुन्या हातांनी बसवलेली होती, म्हणजे आज उडणार होते ते हेच हात. सुपरवायझर दोन दिवस हेच सांगत फिरत होता. तो वाईट माणूस नव्हता, वरच्यांनी "जुने हात नव्या इंजिनाला चालतील का?" असं विचारलं तेव्हा तोच त्यांच्या बाजूने भांडला होता. त्यामुळे त्याचा जीव सगळ्यांत जास्त टांगणीला लागला होता.

सकाळच्या जमिनीवरच्या चाचणीत डाव्या इंजिनाचा पिवळा दिवा क्षणभर लुकलुकला आणि विझला.

"ताई, प्लग बघ," सुपरवायझर खालून ओरडला. "लवकर. पाहुण्यांच्या गाड्या फाटकात आल्यात."

ताई पायरीवर चढली. झाकण उघडलं, प्लग सैल होऊ नये म्हणून पिळलेली तार पकडीने तोडली, प्लग फिरवून बाहेर काढला. मग तिने त्याच्याकडे पाहिलं. चुंबकाचं टोक स्वच्छ, चकचकीत होतं.

"साफ!" ती म्हणाली.

"नक्की?"

"साफ आहे, बघा ना," तिने प्लग वरूनच दाखवला. खाली उभ्या चष्मिसने, नव्या इंजिनाच्या कोर्समधून थेट आलेल्या मुलीने, मान वर करून पाहिलं आणि ठीक आहे म्हणून अंगठा उंचावला. ताईने प्लग परत बसवला, नवी तार पिळली, झाकण लावलं. सुपरवायझरने सुस्कारा सोडला. सूनबाई मांडवासमोर ओढत नेण्यात आल्या.

ताई हात धुवायला नळावर गेली. साबण लावला, आणि तिची नजर डाव्या हाताच्या बोटांवर थांबली.

अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या पेरावर ताज्या तेलाचा काळा डाग होता, चंद्रकोरीसारखा, दोन्ही बोटांवर एकमेकांसमोर. प्लग तिने उजव्या हाताने काढला होता. डोक्याकडून धरला होता. मग डाव्या हाताला हे तेल कुठून आलं?

 नळ वाहत होता. हे तेल फक्त एकाच गोष्टीने लागतं. फडक्यातून झिरपलेलं तेल. तिने प्लगकडे पाहिलं होतं, पण त्याच्या आधीच तिच्या डाव्या हाताने खिशातलं फडकं काढून तो पुसून टाकला होता. डोळ्यांनी जे साफ पाहिलं ते हाताने केलेलं साफ होतं.

तिने खिसा चाचपला. फडकं नव्हतं. झाकण लावताना ते चिंध्यांच्या पिंपात टाकलं होतं, तेही हातानेच, तिला न विचारता. ती पिंपाकडे धावली. सकाळपासून दोन सासवांची कामं झाली होती. पिंप तोंडापर्यंत भरलेलं, सगळी फडकी एकाच रंगाची, काळी आणि चिकट. एखाद्या फडक्यात कण सापडला असता तरी तो कुठल्या बाईच्या पोटातला हे कुणी सांगितलं असतं?

"काय हरवलं गं?" मागून ढोल्याने विचारलं.

"मी प्लग पुसला."

"मग? पुसायचाच असतो."

"सुनेचा. बघण्याआधी."

ढोल्याचं हसू तोंडातच राहिलं. त्याने बाहेर मांडवाकडे पाहिलं. पाहुणे खुर्च्यांवर बसत होते, कुणीतरी त्यांना चहा देत होतं. आजचा पायलट, कॅप्टन, हेल्मेट काखेत धरून शिडी चढत होता.

"लवच असेल," ढोल्या हळू आवाजात म्हणाला. "नव्या इंजिनात पहिल्या दिवसांत थोडी येते म्हणतात. दिवा परत लागला का? नाही ना?"

"मी पुसल्यावर कसा लागेल?"

"हे बघ, तू आता सांगायला गेलीस ना, तर उद्या ते काय म्हणतील माहितीये? म्हणतील, बघा, जुने हात. तुझं एकटीचं काम नाही जाणार, आम्हा सगळ्यांचं जाईल. माझ्या पोरीचं कॉलेज अजून व्हायचंय."

ताईने पिंपातलं हाती आलेलं फडकं परत टाकलं. ती आठवत होती. फडक्याखाली काय लागलं होतं? अंगठा फिरला तेव्हा मऊ होतं की साखरेचा कण दाताखाली यावा तसं काही? तिला वाटलं, कण होता. मग वाटलं, आता घाबरल्यामुळे कण आठवतोय. बोटाला विचारावं तर बोट काहीच बोलत नव्हतं. इतकी वर्षं ज्याच्यावर भरवसा ठेवला ते आज साक्ष द्यायला तयार नव्हतं.

बाहेर सुनेने सूर धरला. आधी बारीक शिट्टीसारखा, मग चढत गेलेला. पाती आळसावल्यासारखी हलली आणि फिरू लागली.

"ढोल्या, लव असेल असं तू म्हणतोस. तू बसशील पुढच्या सीटवर?"

 ढोल्या खाली बघून नसलेली धूळ झटकत राहिला.

ताई निघाली. पळत गेली नाही. फिरत्या पात्यांजवळ पळायचं नाही आणि मागून जायचं नाही, हे तिच्या पायांना माहीत होतं. पायांनी निदान आज बरोबर केलं. मांडवासमोरून, पाहुण्यांच्या आणि हेलिकॉप्टरच्या मधून, सगळ्यांना दिसेल अशी ती समोर गेली. वाऱ्याने टोपी उडाली, वेणी सुटून चेहऱ्यावर आली. पायलटला जमिनीवरून खुणा करणाऱ्या माणसाने हातवारे करून तिला हटकलं. तिने कॅप्टनकडे बघत हात गळ्यावरून आडवा फिरवला. इंजिन बंद.

कॅप्टनने काचेतून तिच्याकडे पाहिलं. तो बंद करेल की नाही हे तिला कळेना. तिने पुन्हा हात फिरवला. मग सूर उतरू लागला, पाती एकेक दिसू लागली, आणि त्या उतरत्या आवाजात मागून सुपरवायझरच्या धापा ऐकू आल्या.

"काय झालं? काय दिसलं तुला?"

"काही दिसलं नाही," ताई म्हणाली. "म्हणूनच. मी प्लग आधी पुसला, मग पाहिला. साफ म्हणाले ते पुसल्यावरचं साफ."

सुपरवायझरच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही. मग त्याने मांडवाकडे पाठ केली, म्हणजे पाहुण्यांना त्याचं तोंड दिसू नये.

"तू?" तो म्हणाला. "ताई, तू? मी वर तुझं नाव दिलं होतं गं."

ताईने चेहऱ्यावर आलेली वेणी मागे सारली.

"ठीक आहे. प्लग परत काढू. आत्ता इंजिन चाललं तेवढ्यात काही आलं असेल तर दिसेल. चष्मिस, चढ. आणि हात लावायचा नाही कशाला, नुसतं बघायचं."

चष्मिसने प्लग काढला आणि दोन बोटांत डोक्याकडून धरून सगळ्यांसमोर आणला, जणू तो अंड्यासारखा फुटणार होता. स्वच्छ होता. या खेपेला खरोखरच.

"बघ," सुपरवायझर म्हणाला, आणि त्याच्या आवाजात आनंदापेक्षा विनवणी जास्त होती. "साफ. दिवा लागला नाही, प्लग साफ. उडवू या?"

हा प्रश्न त्याने कॅप्टनला विचारला होता. कॅप्टन खाली उतरला होता, हेल्मेट अजून डोक्यावर. तरुण होता, जबड्यावर घामाची रेघ. त्याने प्लगकडे पाहिलं नाही, ताईकडे पाहिलं.

"पुसताना हाताला काय लागलं?"

"कण लागल्यासारखं वाटलं. साखरेच्या दाण्याएवढा." ती थांबली. "पण सर, ते मला नंतर वाटलं. तेव्हा वाटलं की नाही, ते मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही."

"इंजिन मिनिटभर चाललं, तेवढ्यात कण परत यायलाच हवा असं आहे का?"

"नाही."

"मग कुठे दिसेल?"

"तेलाच्या गाळणीत. तिच्या चुण्यांत अडकलं असेल. पण ती उघडली की सील गेलं. नवी गाळणी येईपर्यंत आज ही उडायची नाही."

कॅप्टनने मांडवाकडे पाहिलं. एक पाहुणा मनगटावरचं घड्याळ बघत होता. मग त्याने हनुवटीखालचा पट्टा सोडला आणि हेल्मेट काढलं.

"उघडा."

गाळणी हँगरमध्येच उघडली गेली. चष्मिसने पांढऱ्या ट्रेमध्ये ती कापली आणि कागदी पंख्यासारख्या तिच्या चुण्या एकेक करून उलगडू लागली.  पहिल्या चुण्यांत तेलाशिवाय काही नव्हतं. पुढच्यांतही नव्हतं. ताईने हात पाठीमागे बांधून घेतले होते, एकाने दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलं होतं. तिला कळेना की आपण काय मागतोय. काही निघू नये, तर सून धडधाकट, पण सगळ्यांचं काम विनाकारण बुडवणारी ती एक. काही निघावं, तर ती खरी ठरणार, आणि सुनेच्या पोटात काहीतरी मोडलेलं असणार. तिने दोन्ही मागणं थांबवलं आणि चुण्या बघत राहिली.

"थांब," सुपरवायझर म्हणाला.

चुणीच्या तळाशी काहीतरी चमकलं. चष्मिसने चिमट्याने उचललं. माशाच्या खवल्यासारखा पातळ, चपटा तुकडा. त्याच्या मागे आणखी एक, जरा लहान. चष्मिसने चुंबक जवळ नेला, आणि दोन्ही तुकडे टुणकन त्याला जाऊन चिकटले.

"बेअरिंग फुटतंय," ढोल्या मागून म्हणाला. एवढंच.

कॅप्टन बराच वेळ त्या खवल्यांकडे बघत राहिला. मग हेल्मेट उचलून निघाला. दारापाशी वळला, काहीतरी म्हणावं असं त्याला वाटलेलं दिसलं, पण त्याने नुसती मान हलवली. ताईलाही त्याच्याकडून काही ऐकायचं नव्हतं. आभार मानले असते तर तिला ते कुठे ठेवावेत कळलं नसतं.

पाहुणे चहा पिऊन गेले. काम कुणाला द्यायचं ते नंतर कळवू म्हणाले. कसं कळवतील, याचा अंदाज त्यांच्या चेहऱ्यांवरून कुणाला बांधता आला नाही. सुपरवायझरने संध्याकाळी ताईला बाजूला घेतलं.

"शिक्षा होणार नाही. मी लिहिलंय की तू स्वतः थांबवलंस. पण नव्या इंजिनाला तू आता हात लावायचा नाहीस. सासवा आहेत तोवर सासवांवर."

"बरोबर आहे," ताई म्हणाली.

"भांड तरी जरा!"

"काय भांडू? मी तुमच्या जागी असते तर मीही हेच केलं असतं."

चष्मिस कपाटापाशी ओठ आवळून उभी होती. प्लग वरून दाखवला तेव्हा तिने खालूनच अंगठा उंचावला होता, तेही लिहिलं गेलं होतं. "आता आम्हा सगळ्यांची परीक्षा परत घेणार आहेत," ती म्हणाली. मग चिडलेल्या आवाजातच विचारलं, "ताई, मी वर चढून बघायला हवं होतं ना?" "हो," ताई म्हणाली. ढोल्या तिच्याशी एक शब्दही न बोलता निघून गेला. मात्र जाताना तिची वाऱ्याने उडालेली टोपी त्याने मांडवामागून शोधून आणली आणि तिच्या कपाटाच्या मुठीला अडकवून ठेवली.

घरी पोचली तेव्हा गॅलरीतला दिवा लागला नव्हता. सासरे खुर्चीत बसून होते. टेबलावर ताट झाकून ठेवलेलं, दुपारचं.

"बाबा, जेवला नाहीत?"

"सुरू झालेली ऐकली," ते म्हणाले. "उतरलेली ऐकली नाही. कसा जेवू?"

ती मटकन त्यांच्या पायांशी जमिनीवर बसली. दिवसभरात तिच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, ते आता आलं. पण आवाज तिने सरळ ठेवला. "ती उडालीच नाही, बाबा. मी थांबवली." आणि तिने सगळं सांगितलं. डाव्या हाताचं, पिंपाचं, गळ्यावरून फिरवलेल्या हाताचं, खवल्यांचं.

 सगळं ऐकून झाल्यावर सासऱ्यांनी आपलाच अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर हळू फिरवली, जणू मधे काहीतरी होतं.

"पुसायला मीच शिकवलं ना तुला."

"तुम्ही सासूचं शिकवलंत. सुनेचं मला दुसऱ्यांनी शिकवलं होतं. मी दोन्ही शिकले होते."

त्यांनी मान वळवून कान दिला. हँगरच्या दिशेला आता काहीच वाजत नव्हतं.

"कण लागला होता बोटाला?"

या वेळी तिने विचार केला नाही. "लागला होता, बाबा."

त्यांनी मान डोलावली. खुर्चीच्या हातावर हात टेकत हळूहळू उठले आणि चाचपडत टेबलाकडे वळले.

"वाढ मग," ते म्हणाले. "गरम नको करूस. आहे तसंच वाढ."